पोलाद दणकट, जोड दुबळा!

विशेष प्रतिनिधी

शिवडी ते न्हावा शेवा हा सागरी सेतू जानेवारी 2024 मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि पाच महिन्यांतच, पहिल्या पावसाच्या तोंडावर, त्याला भेगा पडल्याची बातमी आली. विरोधी पक्षाच्या नेत्यांनी जागेवर जाऊन पाहणी केली, भेगांची छायाचित्रे घराघरांत पोहोचली आणि आरोप-प्रत्यारोपांचा धुरळा उडाला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने खुलासा केला, की या भेगा मुख्य पुलावर नसून उलव्याच्या बाजूने पुलाला मिळणाऱ्या तात्पुरत्या जोडरस्त्याच्या डांबरात आहेत. डांबर पुन्हा अंथरले गेले आणि चार दिवसांत विषय मिटला.

राजकारणाचा भाग बाजूला ठेवला, तर या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात येते. भेग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रस्त्याला पडलेली, बोट घालता येईल अशी भेग उभी राहते. पोलादी पुलाचे आयुष्य मात्र ज्या भेगेवर अवलंबून असते, ती सुरुवातीला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी असते. ती रंगाच्या थराखाली, वेल्डिंगच्या जोडाच्या कडेला दडलेली असते आणि कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते व एका टप्प्यानंतर कोणालाही सावध होण्याची संधी न देता पूर्ण तुळई तोडून टाकते. अभियांत्रिकीच्या भाषेत याला धातूचा थकवा म्हणतात.

मुंबई आणि परिसरात गेल्या काही वर्षांत पोलादी पुलांचे युग सुरू झाले आहे. सागरी किनारा रस्त्याला वांद्रे-वरळी सागरी सेतूशी जोडणाऱ्या महाकाय तुळया 2024 मध्ये समुद्रावर बसवण्यात आल्या. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेमार्गावर 28 पोलादी पूल नियोजित आहेत. ताकदवान पोलाद वापरा, वजन कमी करा, काम लवकर उरका, असा या क्षेत्राचा एकूण कल आहे. त्यामुळे वेल्डिंगच्या जोडांचा थकवा हा आता केवळ अभियंत्यांच्या परिषदांपुरता विषय राहिलेला नाही. तो करदात्याच्या खिशाचा आणि पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या जिवाचा विषय आहे.

तार तुटते कशी?

लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही; पण तीच तार दहा-वीस वेळा मागे-पुढे वाकवली की सहज तुटते. थकव्याचे मूळ तत्त्व हेच. एका वेळचा भार कितीही क्षुल्लक असला, तरी तो लाखो वेळा आला आणि गेला, की धातू हार मानतो. 8 मे 1842 रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. त्यानंतर या कोड्याचा अभ्यास गांभीर्याने सुरू झाला. पुढे प्रशियाच्या रेल्वेतील अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि ताण किती व आवर्तने किती, यांचे नाते मांडले. आजही जगभरातील पुलांचे आयुष्य त्याच पद्धतीच्या आलेखांवरून काढले जाते.

पुलावरून जाणारा प्रत्येक अवजड ट्रक हे असे एक आवर्तन असते. समजा, एखाद्या मार्गिकेवरून दिवसाला दोन हजार ट्रक जातात. वर्षाला ही संख्या 7 लाख 30 हजार होते. जोडांची थकव्याची क्षमता मोजताना 20 लाख आवर्तने हे जगभर प्रमाण मानले जाते. या हिशेबाने ती 20 लाखांची मजल अवघ्या पावणेतीन वर्षांत गाठली जाते. शंभर वर्षांसाठी बांधलेल्या पुलाला अशी सात कोटींहून अधिक आवर्तने सोसायची असतात. शिवाय पुलाच्या पृष्ठभागाच्या पत्र्याला ट्रक एकच वाटत नाही. त्याचा प्रत्येक आस हा स्वतंत्र दणका असतो.

ताकद वाढली, आयुष्य नाही

सर्वसामान्य माणसाला, आणि अनेकदा निविदा मंजूर करणाऱ्यांनाही, न पटणारी गोष्ट पुढेच आहे. पोलाद जितके ताकदवान, तितका त्याचा जोड थकव्याला टिकाऊ, असे आपण गृहीत धरतो. वेल्डिंग न केलेल्या, गुळगुळीत पोलादाच्या बाबतीत ते बव्हंशी खरेही आहे. वेल्डिंग केले, की हा फायदा जवळजवळ पूर्णपणे नाहीसा होतो.

आपल्याकडे बांधकामाच्या पोलादाच्या प्रती भारतीय मानक 2062 मध्ये ठरवून दिल्या आहेत. साधे पोलाद 250 मेगापास्कल ताणापर्यंत कायमचे वाकत नाही. 350 आणि 450 च्या प्रती आहेत व हे मानक 650 पर्यंत जाते. परंतु एखाद्या तुळईच्या पत्र्यावर आडवी पट्टी वेल्डिंगने जोडली, की त्या जोडाची थकव्याची क्षमता 20 लाख आवर्तनांना साधारण 80 मेगापास्कल ताणफरक एवढीच धरली जाते. पत्रा 250 चा असो की 650 चा, आकडा तोच. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या शिफारशी हेच सांगतात. भारतीय मानक 800 च्या 2007 सालच्या आवृत्तीतील थकव्याच्या प्रकरणातही ही क्षमता जोडाच्या प्रकारावरून ठरते, पोलादाच्या प्रतीवरून नव्हे.

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण आकाराचे. वेल्डिंगचा जोड जेथे मूळ पत्र्याला मिळतो, त्या कडेला खाच असते. नदीच्या प्रवाहात खडक आला की त्याच्या बाजूने पाणी जोरात वाहते, तसा ताण या खाचेपाशी गोळा होतो. दुसरे कारण दोषांचे. वितळलेला धातू थिजताना मळीचे सूक्ष्म कण कडेत अडकतात आणि तेथे आयतीच भेग तयार होते. साध्या धातूत भेग जन्माला येण्यातच आयुष्याचा मोठा भाग जातो. वेल्डिंगच्या जोडात भेग जन्मतःच असते, उरते ते फक्त तिचे वाढणे. आणि भेग वाढण्याचा वेग साध्या व ताकदवान पोलादात जवळपास सारखाच असतो.

तिसरे कारण डोळ्यांना न दिसणारे. वितळलेला जोड निवताना आकसतो. पण सभोवतालचा थंड पत्रा त्याला आकसू देत नाही. परिणामी पुलावर एकही गाडी नसताना जोड आतल्या आत ताणलेला राहतो. हा शिल्लक ताण पोलादाच्या सोसण्याच्या मर्यादेपर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे भेगेचे तोंड कायम उघडे राहते आणि येणारा प्रत्येक भार तिला पुढे ढकलतो.

आता खरा धोका कोठे आहे ते पाहू. ताकदवान पोलाद वापरण्याचा हेतूच मुळी पत्रा पातळ करणे हा असतो. 350 च्या पोलादाचा 20 मिलिमीटर जाडीचा पत्रा जेथे लागतो, तेथे केवळ स्थिर भाराच्या हिशेबाने 650 च्या पोलादाचा 11 मिलिमीटरचा पत्रा पुरतो. वजन जवळपास निम्मे झाले, म्हणून सगळे खूश! मात्र जाडी घटली तसा प्रत्येक ट्रकमुळे येणारा ताणफरक 1.86 पट झाला. भेग वाढण्याचा वेग ताणफरकाच्या साधारण तिसऱ्या घाताने बदलतो. त्यामुळे आयुष्य साडेसहा पटींच्या आसपास घटते. जो जोड शंभर वर्षे टिकला असता, तो जेमतेम सोळा वर्षांत संपतो. पुलाचा भार पेलण्याची ताकद कागदावर तीच आणि त्याचे वय मात्र एका पिढीचेही नाही, असा हा विरोधाभास आहे.

वांद्रे-वरळी सागरी सेतू ज्या केबलींवर तोलला आहे, त्याही अतिशय ताकदवान पोलादाच्याच आहेत, असा प्रश्न येथे विचारला जाईल. जपानमधील 1998 साली खुल्या झालेल्या अकाशी कैक्यो पुलाचा 1,991 मीटरचा मुख्य गाळा 1,800 मेगापास्कलच्या तारांवर लटकला आहे. उत्तर सोपे आहे. या तारांना वेल्डिंगचा स्पर्श नसतो. ताकदवान पोलाद दोषी नाही. त्याच्या ताकदीवर पाणी पडते ते जोडापाशी.

123 बळींचा धडा

हा केवळ गणिताचा खेळ नाही. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रातील एकोफिस्क तेलक्षेत्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता तळ वादळात उलटला. तळावरील 212 जणांपैकी 123 जणांचा बळी गेला. तपासात जे निष्पन्न झाले ते थक्क करणारे होते. तळाच्या एका महत्त्वाच्या आडव्या नळकांड्याला पाण्याखालचा आवाज टिपणारे उपकरण बसवण्यासाठी एक छोटा आधार वेल्डिंगने जोडलेला होता. जोड अवघा सहा मिलिमीटरचा. भार वाहण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, त्यामुळे त्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. तेथूनच भेग सुरू झाली. भेगेच्या आत रंगाचे अंश सापडले. म्हणजे तळ गोदीतून बाहेर पडण्यापूर्वीच, रंगकामाच्या वेळी, ती भेग तेथे होती.

21 ऑक्टोबर 1994 रोजी सकाळच्या गर्दीच्या वेळी सोलमध्ये हान नदीवरील सोंगसू पुलाचा 48 मीटरचा भाग नदीत कोसळला आणि शाळेला निघालेल्या मुलींसह 32 जण मरण पावले. पूल उणापुरा पंधरा वर्षांचा होता. वेल्डिंग पत्र्याच्या पूर्ण जाडीत उतरलेलेच नव्हते, वाहतूक अपेक्षेपेक्षा अवजड होती आणि देखभालीच्या नावाने आनंद होता, असे चौकशीत दिसून आले.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले आहे. मिसिसिपी नदीवर मेम्फिस येथे असलेल्या हर्नांडो डी सोटो पुलाच्या एका मुख्य पोलादी पट्टीत आरपार भेग गेल्याचे 11 मे 2021 रोजी एका निरीक्षकाच्या लक्षात आले. पूल तत्काळ बंद झाला. खालून जाणारी जहाजेही काही दिवस थांबवली गेली. वाहतूक पूर्ववत व्हायला ऑगस्ट उजाडला. 1973 मध्ये खुल्या झालेल्या या पुलाची ती पट्टी 'टी-1' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, 690 मेगापास्कलच्या ताकदवान पोलादाची होती. भेगेचे मूळ कारखान्यात झालेल्या वेल्डिंगमध्ये होते. वेल्डिंगच्या वेळी धातूत शिरलेल्या हायड्रोजनमुळे पडलेली ती सूक्ष्म चीर जवळपास अर्धशतक दबा धरून बसली होती. कहर म्हणजे 2019 च्या ड्रोन चित्रीकरणात ती स्पष्ट दिसत होती. तरीही कोणाच्या नजरेस आली नाही! संबंधित निरीक्षकाला नोकरी गमवावी लागली आणि अशा पोलादाच्या इतर पुलांचे जोड तपासण्याचे काम अमेरिकेला हाती घ्यावे लागले.

तीन देश, तीन दशके, तीन निरनिराळी बांधकामे. सूत्र मात्र एकच. पोलाद कोठेही कमी पडले नाही, कमी पडला तो जोड आणि त्याकडे पाहणारी नजर.

उपाय आहेत, पण...

यावर उपाय नाही असे नाही. उलट ते बरेच जुने आणि सिद्ध झालेले आहेत. पहिला उपाय घासण्याचा. जोडाच्या कडेवरचा धातू फिरत्या कानशीने अर्धा मिलिमीटर खोल घासून काढला, की मळीचे कण निघून जातात आणि खाच गोलसर होते. थकव्याची क्षमता 30 टक्क्यांनी वाढते. म्हणजेच आयुष्य दुपटीहून अधिक होते. दुसरा उपाय कड पुन्हा वितळवण्याचा. टंगस्टनच्या कांडीने वेल्डिंगची कड पुन्हा वितळवून ती गुळगुळीत केली जाते.

तिसरा उपाय ठोकण्याचा आणि तोच सर्वांत रंजक आहे. गावातला लोहार विळ्याची धार थंडपणीच ठोकून कणखर करतो. त्याच धर्तीवर कठीण टोकाच्या पिनांनी जोडाची कड सेकंदाला नव्वदहून अधिक वेळा ठोकली जाते. कडेवर मिलिमीटरच्या अंशाएवढी गुळगुळीत खाचणी उमटते आणि त्याखालचा धातू दाबला जातो. जो शिल्लक ताण भेगेचे तोंड उघडत होता, त्याच्या जागी आता भेगेचे तोंड आवळणारा दाब येतो. सोव्हिएत काळात पाणबुड्यांच्या बांधणीसाठी विकसित झालेल्या स्वनातीत आघाताच्या पद्धतीतून ही शाखा पुढे आली. आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेने 2016 मध्ये तिच्या वापराच्या सविस्तर शिफारशी प्रसिद्ध केल्या.

या पद्धतीचे महत्त्व असे, की येथे पोलादाची ताकद प्रथमच उपयोगी पडते. पोलाद जितके ताकदवान, तितका अधिक दाब ते धरून ठेवते. संस्थेच्या शिफारशींनुसार साध्या पोलादाच्या जोडाची क्षमता यामुळे सुमारे दीडपट होते, तर 550 ते 750 मेगापास्कलच्या पोलादात ती दुपटीपर्यंत जाते. वर उल्लेखिलेल्या उदाहरणात 80 चे 160 होतात. पातळ पत्र्यामुळे वाढलेला 1.86 पट ताणफरक त्यात सामावतो. थोडक्यात, ताकदवान पोलाद घेऊन त्याचे जोड तसेच सोडणे म्हणजे महागडे घड्याळ घेऊन त्याला किल्ली न देण्यासारखे आहे.

जपानमध्ये आणखी एक मार्ग शोधला गेला. क्रोमियम व निकेल अधिक असलेली वेल्डिंगची विशिष्ट कांडी वापरली, की जोड निवताना अगदी शेवटच्या टप्प्यात त्याची अंतर्गत रचना बदलते आणि तो आकसण्याऐवजी किंचित प्रसरण पावतो. ताणाऐवजी दाब आपोआप निर्माण होतो. ठोकण्याचा खर्च वाचतो. मात्र कांडी महाग पडते.

अर्थात, या उपायांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ठोकण्याचा लाभ जेथे स्थिर भारामुळे आधीच मोठा ताण असतो, तेथे घटतो. एखाद्या प्रचंड भाराने जोड एकदा जरी मर्यादेपलीकडे दाबला किंवा ओढला गेला, तरी पेरलेला दाब नाहीसा होऊ शकतो. शिवाय हे सर्व उपाय जोडाच्या बाहेरच्या कडेसाठी आहेत. भेग जोडाच्या मुळातून, आतून, सुरू झाली तर बाहेरून कितीही घासले-ठोकले तरी उपयोग शून्य.

अटल सेतूच्या निमित्ताने

ही शेवटची मर्यादा मुंबईकरांसाठी महत्त्वाची आहे. अटल सेतूच्या समुद्रावरील लांब गाळ्यांसाठी भारतात या प्रमाणावर प्रथमच एक विशिष्ट रचना वापरली गेली. पोलादी पत्र्याच्या खाली लांबच्या लांब पन्हळी वेल्डिंगने जोडल्या जातात आणि पत्रा, पन्हळी व तुळई मिळून एकच सलग पोलादी पृष्ठभाग तयार होतो. काँक्रीटच्या तुलनेत तो फारच हलका असतो, म्हणूनच 180 मीटरपर्यंतचे गाळे शक्य झाले. जहाजांना आणि पाण्याखालून गेलेल्या वाहिन्यांना मोकळी वाट ठेवण्यासाठी ते आवश्यकही होते. या निवडीत चूक काही नाही.

मात्र या रचनेचा जगभरातील इतिहास सावध करणारा आहे. ब्रिटनमधील सेव्हर्न पूल 1966 मध्ये खुला झाला आणि 1971 मध्येच त्याच्या पन्हळींच्या जोडांत थकव्याच्या भेगा सापडल्या. पुढे त्याचे व्यापक मजबुतीकरण करावे लागले. नेदरलँड्समधील रॉटरडॅमजवळच्या व्हॅन ब्रिएनेनोर्ड पुलाच्या 1990 मध्ये बांधलेल्या उघड-झाप होणाऱ्या भागात सात वर्षांतच पृष्ठभागाच्या पत्र्याला भेगा गेल्या. पन्हळ बंदिस्त असल्याने पत्रा आणि पन्हळ यांच्या जोडाचे मूळ आतल्या बाजूला असते. तेथे हात पोहोचत नाही, डोळाही पोहोचत नाही. भेग मुळातून वर पत्र्यात शिरते आणि वरचे डांबर फाटेपर्यंत कळत नाही.

या अनुभवातून जग शहाणे झाले. पत्र्याची किमान जाडी वाढवण्यात आली, जोड पन्हळीच्या जाडीत किती खोल उतरला पाहिजे याची बंधने आली, जोडाचे मूळ तपासण्यासाठी स्वनातीत ध्वनिलहरींच्या प्रगत पद्धती आल्या. अटल सेतू हा या सर्व अनुभवानंतरचा पूल आहे, ही जमेची बाजू. तो सदोष आहे असे म्हणण्यास कोणताही आधार नाही. प्रश्न आहे तो पुढच्या शंभर वर्षांचा. न्हावा शेवा बंदराच्या दारातला हा पूल आहे. त्यावरून अवजड वाहतूक जाणार आणि ती वाढत जाणार हे उघड आहे. जोडांची तपासणी किती वर्षांनी, कोणत्या पद्धतीने होणार, तिचे निष्कर्ष कोणाला पाहता येणार, हे पथकर भरणाऱ्या नागरिकाने विचारणे गैर नाही.

भार वाढवला, हिशेब कोणी केला?

अवजड वाहतुकीबाबतचे आपले धोरणही या संदर्भात तपासले पाहिजे. केंद्र सरकारने जुलै 2018 मध्ये मालवाहू वाहनांच्या आसांवरील भाराची मर्यादा वाढवली. चार चाकांच्या एका आसावर पूर्वी 10.2 टन भार चालत असे, तो 11.5 टन झाला. वाहतूकदारांची ही जुनी मागणी होती आणि मालवाहतुकीच्या दृष्टीने तिचे समर्थनही करता येईल. भारातील वाढ 13 टक्क्यांच्या घरात आहे, हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु तिसऱ्या घाताचे गणित येथेही लागू होते. ताणफरक त्याच प्रमाणात वाढला, तर थकव्याची झीज सुमारे 43 टक्क्यांनी वाढते. म्हणजेच जोडाचे आयुष्य सत्तर टक्क्यांवर येते. ही झाली कायदेशीर भाराची गोष्ट. वजनकाट्यावर 'समजुतीने' सुटणाऱ्या ट्रकांचा हिशेब वेगळाच.

दुसरा प्रश्न कारागिरांचा. 350 च्या पोलादाला चालणारी सवय 650 च्या पोलादाला चालत नाही. पोलाद ताकदवान होत जाते, तसे ते हायड्रोजनच्या बाबतीत हळवे होत जाते. वेल्डिंगपूर्वी पत्रा ठरावीक तापमानापर्यंत तापवणे आणि वेल्डिंगच्या कांड्या भट्टीत तापवून कोरड्या ठेवणे ही पथ्ये पाळावीच लागतात. कोकणच्या पावसाळ्यात, हवेतच ओल भरलेली असताना, उघड्या पुड्यातील कांडी तासाभरात दमट होते. त्या दमटपणातून जोडात शिरलेला हायड्रोजन काय करतो, हे मेम्फिसने दाखवून दिले आहे. कारखान्यात, छपराखाली, यंत्राने केलेले वेल्डिंग आणि पुलावर लटकत, वाऱ्यात केलेले वेल्डिंग यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, तो यामुळेच. काळजी घेणारे प्रकल्प म्हणूनच जागेवरचे जोड शक्यतो उच्च ताकदीच्या बोल्टांनी करतात.

तिसरा आणि कळीचा प्रश्न निविदेचा. जोडाची कड घासणे-ठोकणे हे कष्टाचे, वेळखाऊ आणि कुशल काम आहे. ते केले काय आणि न केले काय, उद्घाटनाच्या दिवशी पूल तसाच दिसतो. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याच्या आपल्या पद्धतीत, करारात स्पष्ट लिहिलेले नसेल, तर हा खर्च कोणताही कंत्राटदार स्वतःहून करणार नाही. त्याचा फायदा वीस-तीस वर्षांनी दिसणार, तोवर कंत्राटदाराची दोषदायित्वाची मुदत संपलेली असते आणि मंजुरी देणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो.

ऑडिट कशाचे?

15 जून 2025 रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चौघांचा बळी गेला. पाठोपाठ 9 जुलै रोजी गुजरातमध्ये वडोदऱ्याजवळ महीसागर नदीवरील गंभीरा पूल कोसळला आणि वीसहून अधिक जण मरण पावले. या दोन्ही दुर्घटनांचा वेल्डिंगच्या थकव्याशी संबंध नाही. कुंडमळ्याचा पूल गंजून जीर्ण झाला होता, तर गंभीरा पूल काँक्रीटचा होता. तरीही त्यांचा उल्लेख आवश्यक आहे, कारण प्रत्येक दुर्घटनेनंतर आपल्याकडे जे घडते तेच याही वेळी घडले. 'सर्व पुलांचे स्ट्रक्चरल ऑडिट करा', असा आदेश निघाला.

ऑडिट हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यात नेमके काय तपासायचे हे कोणी विचारत नाही. गंज डोळ्यांना दिसतो. काँक्रीटचे पोपडे दिसतात. थकव्याची भेग मात्र नुसत्या पाहणीत दिसत नाही. त्यासाठी रंग काढून चुंबकीय कणांची किंवा ध्वनिलहरींची तपासणी करावी लागते. पुलावरील हजारो जोडांपैकी कोणते नाजूक आहेत हे आराखड्यावरून आधीच ठरवावे लागते आणि पुन्हा पुन्हा त्याच जागा तपासून नोंदी ताडून पाहाव्या लागतात. एखाद्या भेगेची लांबी 2027 मध्ये किती होती आणि 2030 मध्ये किती झाली, हे माहीत असेल तरच 2035 मध्ये काय होईल ते सांगता येते. दुर्घटनेनंतर घाईने उरकलेल्या ऑडिटमधून हे साधणार नाही.

नव्या पुलांच्या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी संशोधनाची वाट पाहण्याची गरज नाही. 450 च्या वरचे पोलाद जेथे सुचवले जाईल, तेथे थकव्याचे गणित स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घेणे बंधनकारक करता येईल. नाजूक जोड कोणते व त्यांच्यावर कोणती प्रक्रिया करायची, हे निविदेतच नमूद करून त्याचे वेगळे दर देता येतील. वेल्डिंग करणाऱ्याची परीक्षा ज्या पोलादावर काम करायचे, त्याच पोलादावर घेता येईल. कीलँडचा धडा लक्षात ठेवून पाइप, केबल वा फलक अडकवण्यासाठी मुख्य तुळईला नंतर वाटेल तेथे वेल्डिंग करण्यास सक्त मनाई करता येईल. आपल्याकडील पुलांच्या अंगाखांद्यांवर काय काय टांगलेले असते ते पाहता, ही शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत परिणामकारक ठरेल.

पुलाच्या खर्चात जोडांवरील प्रक्रियेचा वाटा मामुली असतो. एखादा पूल तीन महिने बंद ठेवावा लागला तर होणारे नुकसान त्याच्या कितीतरी पट असते. मेम्फिसने ते अनुभवले. सोलने त्याहून मोठी किंमत मोजली. पुलाच्या उद्घाटनाची कोनशिला जितक्या काळजीने घासून-पुसून गुळगुळीत केली जाते, तितकीच काळजी त्याच्या जोडांच्या वाट्याला आली, तर पुढच्या पिढीला आपल्या नावाने बोटे मोडावी लागणार नाहीत.